गल्ला भरला, भांडवल घटले : नाशिकच्या एका हिशेब वर्गाचे परीक्षण

नाशिकच्या भांडीबाजारात आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे आणि ते चालवणारी माझी ही घरातली तिसरी पिढी. गेल्या उन्हाळ्यात मी दुकानदार आणि लहान कारखानदार यांच्यासाठी चालणाऱ्या एका सायंकाळच्या हिशेब वर्गाला 8 आठवडे गेलो. अशोकस्तंभाकडून गंगापूर रस्त्याला लागल्यावर एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरतो. आठवड्यातून 3 दिवस, रात्री पावणेनऊ ते सव्वादहा, एकूण 24 बैठका आणि शुल्क 6,500 रुपये, अशी त्याची रचना आहे. गुणांबरोबर काही उणिवाही लिहायच्या असल्यामुळे वर्गाचे नाव मी येथे देत नाही. परंतु तेथे काय शिकवले, कसे शिकवले आणि कोठे कमी पडले, हे सविस्तर लिहितो, कारण असा वर्ग निवडताना नेमके काय पाहावे, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि त्यामुळे माझे एकदा पैसे आणि वेळ दोन्ही गेले होते.

मला या वर्गाकडे नेणारे कारण 10 वर्षे जुने आहे. 2015 च्या सिंहस्थात रामकुंडावर येणारे भाविक गोदावरीचे पाणी घरी नेण्यासाठी तांब्याचे गडू आणि गंगाजळ्या घेतात, म्हणून मी एका कारखानदाराकडून साडेचार लाखांचा माल उधारीवर भरला. विक्री चांगली झाली, गल्ला रोज भरत होता, आणि त्या भरवशावर मी पावणेदोन लाख रुपये उचलून घराच्या वरच्या मजल्याचे राहिलेले काम पूर्ण केले. पर्वणी संपली, गर्दी ओसरली आणि कारखानदाराचा माणूस दारात उभा राहिला, तेव्हा द्यायला पैसे नव्हते. मला त्या हंगामात नफा झाला की तोटा, हेच मी कोणाला सांगू शकत नव्हतो. माझ्याकडे बिले होती, पावत्या होत्या, बँकेचे पासबुक होते, पण या सगळ्याला एकत्र बांधणारे सूत्र नव्हते.

त्यानंतर मी शहरातल्याच दुसऱ्या एका वर्गात नाव घातले होते. तेथे पहिल्याच दिवशी व्यक्तिगत, वास्तव आणि नामधारी अशा तीन खात्यांचे नावे-जमाचे, म्हणजे डेबिट-क्रेडिटचे, नियम फळ्यावर लिहून दिले : घेणारा नावे, देणारा जमा, येणारी वस्तू नावे, जाणारी वस्तू जमा, खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि लाभ जमा. नियम चुकीचे मुळीच नाहीत, अकरावीच्या पुस्तपालन व लेखाकर्म विषयात पिढ्यान्पिढ्या ते शिकवले गेले आहेत. पण चाळिशी उलटलेल्या, दिवसभर तराजूसमोर उभ्या असलेल्या माणसाला हे नियम कशासाठी आहेत, ते कळल्याशिवाय पाठ होत नाहीत. मी तिसऱ्या दिवशी जाणे सोडले.

या वर्गात पहिले 3 आठवडे नावे आणि जमा हे शब्दच उच्चारले गेले नाहीत, आणि माझ्या मते या वर्गाचे सर्वांत मोठे गुण येथेच आहेत. शिकवणाऱ्या मॅडम वाणिज्य महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांनी फळ्यावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने केले. पहिल्यावर मालमत्ता लिहिले, दुसऱ्यावर देणी आणि तिसऱ्यावर भांडवल. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यामध्ये बरोबरचे चिन्ह काढले, दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये अधिकचे. मग आम्हा 18 जणांकडे वळून त्या म्हणाल्या, “आजपासून दुकान वेगळे आणि तुम्ही वेगळे. दुकानाजवळ जे काही आहे, ते कोणाचे तरी आहे. त्यातले काही बाहेरच्यांचे, आणि उरेल ते मालकाचे.” भांडवल म्हणजे गल्ल्यात किंवा बँकेत ठेवलेली कोणती वस्तू नव्हे, तर सगळ्या मालमत्तेतून सगळी देणी वजा केल्यावर मालकाचा जो हक्क उरतो, तो आकडा, ही गोष्ट मला त्या एका वाक्याने समजली. धंदा आणि मालक वेगळे मानायचे, याला लेखाशास्त्रात व्यवसाय अस्तित्वाची संकल्पना म्हणतात, हे त्यांनी तीन दिवसांनी सांगितले. आधी गोष्ट आणि मग तिचे नाव, हा क्रम त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

पहिल्या आठवड्यात त्यांनी एक काल्पनिक दुकान मांडले आणि माझ्याकडे पाहून ते भांड्यांचेच ठरवले. ते उदाहरण मी वहीतून जसेच्या तसे येथे देतो, कारण वर्गाची पारख त्यावरूनच होईल. मालकाने 3,00,000 रुपये रोख आणून धंदा सुरू केला. मालमत्ता 3,00,000, देणी शून्य, भांडवल 3,00,000. बँकेकडून 2,00,000 चे कर्ज घेतले. मालमत्ता 5,00,000 झाली, पण वाढ देण्यांच्या रकान्यात पडली, भांडवल जागच्या जागी राहिले. त्यातून 60,000 रुपयांचे लोखंडी रॅक रोखीने घेतले. येथे वर्गातले निम्मे जण भांडवलातून 60,000 वजा करायला निघाले. मॅडमनी खडू आमच्यातल्याच एकाच्या हाती दिला आणि विचारले, “पैसे गेले, पण त्या बदल्यात दुकानात काय आले?” रोख घटली, रॅक वाढले, बेरीज 5,00,000 च राहिली. खर्च आणि खरेदी यांतला फरक मला माहीत आहे, असे मी समजत होतो, परंतु तो फरक कोणत्या रकान्यात दिसतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

पुढे 1,50,000 चा माल उधारीवर आला, तेव्हा मालमत्ता 6,50,000 आणि देणी 3,50,000 झाली. त्यातला 40,000 ला पडलेला माल 52,000 ला रोखीने विकला. माल 40,000 ने घटला, रोख 52,000 ने वाढली आणि वरचे 12,000 भांडवलात गेले. भाड्याचे 8,000 दिले, तेव्हा रोख कमी झाली आणि बदल्यात दुकानात कोणतीही वस्तू आली नाही, म्हणून भांडवल 8,000 ने उतरले. एका हॉटेलला 20,000 ला पडलेली भांडी 25,000 ला उधार दिली. पैसा एकही आला नाही, तरी भांडवल 5,000 ने वाढले, कारण मालाच्या जागी येणे उभे राहिले. कारखानदाराला 50,000 दिले, तेव्हा रोख आणि देणी दोन्ही सारख्याच घटल्या आणि भांडवलाला धक्काही लागला नाही. घरखर्चाला 15,000 ची उचल केली, भांडवल तेवढे घटले. हॉटेलकडून 25,000 वसूल झाले, तेव्हा येणे गेले, रोख आली, तिन्ही बेरजा जशाच्या तशा राहिल्या. शेवटी कर्जाचा 10,000 चा हप्ता भरला, त्यात मुद्दल 8,000 आणि व्याज 2,000. येथे एकाच व्यवहारात तीन बदल झाले : रोख 10,000 ने कमी, देणी 8,000 ने कमी, भांडवल 2,000 ने कमी.

मग मॅडमनी हिशेब जुळवून घेतला. रोख 4,34,000, माल 90,000, रॅक 60,000, मिळून मालमत्ता 5,84,000. देणी 2,92,000 आणि भांडवल 2,92,000. त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मी विसरणार नाही. “मालकाने 3 लाख घातले होते, आता हातात 4 लाख 34 हजार आहेत. मालक खूश आहे. बरोबर आहे का?” वर्ग गप्प झाला. नफा झाला होता, तो फक्त 7,000 रुपयांचा : विक्रीतले 12,000 आणि 5,000, त्यातून भाडे 8,000 आणि व्याज 2,000 वजा. उचल झाली होती 15,000 ची. म्हणजे हातात सव्वा लाखाहून अधिक जास्त रोकड दिसत असताना मालकाचा हक्क 8,000 रुपयांनी कमी झाला होता. गल्ल्यातली वाढ बँकेच्या आणि कारखानदाराच्या पैशांची होती. 2015 मध्ये माझ्या दुकानात नेमके हेच घडले होते, फक्त आकडे मोठे होते.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. फळ्यावर कोणाची बेरीज जुळली नाही, तर मॅडम ते पुसत नसत आणि उत्तरही सांगत नसत. “दुसरा बदल कोठे आहे?” एवढेच विचारून त्या थांबत. सिडकोत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एका ताईंनी गॅस जोडणीची अनामत खर्चात धरली होती. दुसरा बदल शोधता शोधता त्यांच्याच लक्षात आले की ती रक्कम जोडणी सोडताना परत मिळणार आहे, म्हणजे ते दुकानाचे येणे आहे, मालमत्ता आहे. जागेच्या अनामतीचेही तेच. त्यांनी त्या दोन्ही रकमा केंद्र सुरू करताना खर्चात टाकून पहिले वर्ष तोट्याचे मानले होते, असे त्यांनी नंतर सांगितले.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या धंद्यातला एक अवघड व्यवहार आणायचा होता. मी मोडीचा आणला. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक जुना हंडा, फुटका बंब, वाकलेली परात घेऊन येते, आम्ही ती वजनावर मोड म्हणून घेतो आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम कापतो. समजा 1,800 रुपयांची नवी घागर दिली, मोडीचे 1,100 धरले आणि 700 रोख घेतले. दुकानाला ती घागर 1,450 ला पडली होती. आमच्याकडे वडिलांपासूनची पद्धत अशी की वहीत फक्त आलेले 700 लिहायचे. कर बाजूला ठेवून मॅडमनी तो व्यवहार मलाच मांडायला लावला. नवा माल 1,450 ने घटला, रोख 700 ने वाढली, आणि येथे मी अडलो, कारण एवढ्यावर थांबलो तर भांडवल 750 ने घटते, म्हणजे तोटा होतो. “पोत्यात काय गेले?” असे मागच्या बाकावरून अंबडच्या एका कारखानदार मित्राने विचारले. मोडीचा साठा 1,100 ने वाढला. आता मालमत्तेत निव्वळ 350 ची वाढ, आणि तेवढीच भांडवलात. घागरीवरचा नफा 350 च होता, समीकरण जुळले.

त्या रात्री दुकानात परत जाऊन मी माळ्यावरची पोती मोजली. तांबे वेगळे, पितळ वेगळे, अशी 11 पोती निघाली. ती ज्या भावाने घेतली त्या भावाने किंमत लावली तर आकडा लाखांत गेला, आणि तो आमच्या कोणत्याही वहीत नव्हता. आम्ही मोड विकायचो, तेव्हा आलेली सगळी रक्कम त्या वर्षीचा नफा समजायचो, आणि ज्या वर्षी विकत नसू ते वर्ष वाईट गेले असे म्हणायचो.

मोडीच्या उलटा प्रकार कलईच्या भांड्यांचा. गिऱ्हाइकांनी कलईसाठी ठेवलेली पितळी पातेली आमच्या फळीवर असतात, पण ती दुकानाची मालमत्ता नाहीत. दुकानाचे उत्पन्न आहे ते फक्त मजुरीतून कलईवाल्याला देऊन उरलेले. अंबडच्या मित्राला ही गोष्ट अधिक लागू होती, कारण मोठ्या कंपनीने जॉबवर्कसाठी, म्हणजे मजुरीवर काम करून परत देण्यासाठी, पाठवलेले लोखंड तो आपल्या साठ्यात मोजत असे. तसेच आगाऊ रकमेचे. रुखवताच्या भांड्यांची मागणी नोंदवून कोणी 10,000 रुपये दिले, तर रोख 10,000 ने वाढते आणि देणीही 10,000 ने वाढतात. माल हातात देईपर्यंत ती विक्री नाही आणि नफा तर नाहीच. लग्नसराईत आमच्या पेठेत किती दुकाने अशा आगाऊ रकमांवर आधीची बिले भागवतात, ते मी रोज पाहतो, म्हणून या मुद्द्याला वर्गाने पूर्ण बैठक दिली ते मला फार मोलाचे वाटले.

चौथ्या आठवड्यात नावे आणि जमा आले, तेव्हा ते सोपे वाटले. मालमत्ता वाढली की नावे, देणी किंवा भांडवल वाढले की जमा, आणि घट झाली की उलट. येथे मी एक जुनी शंका विचारली. आजोबांच्या रोजकीर्दीत आलेली रोकड डाव्या बाजूला जमा म्हणून लिहिलेली आहे, मग तुम्ही रोकड आली की नावे का म्हणता? मॅडमनी पुढच्या वेळी ती वही आणायला सांगितली. लाल कापडाच्या बांधणीची, दिवाणजींच्या हातची ती वही त्यांनी वर्गात फिरवली आणि दाखवून दिले की दिवाणजी रोकडीचे खाते लिहीत नव्हते, ते पैसे देणाऱ्याचे नाव लिहीत होते. ज्याने दिले, त्याच्या खाती जमा. रोकड वाढली हा दुसरा बदल त्या पानाच्या शिलकेत आपोआप येत होता. एकाच घटनेची ही दोन टोके आहेत. इटलीत 1494 मध्ये लुका पाचोली या धर्मगुरू गणितज्ञाने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचे दोन्ही बदल लिहिण्याची, पद्धत छापून काढली, पण ती पद्धत त्याने शोधलेली नव्हती, व्यापारी ती आधीपासून वापरत होते, हेही त्या ओघात सांगितले. आजोबांच्या वहीला वर्गात मिळालेल्या त्या मानाने मला बरे वाटले, हे लिहायला संकोच वाटत नाही.

समीकरण काय दाखवत नाही, हेही मॅडमनी झाकून ठेवले नाही. बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे, असे मानणाऱ्यांसाठी त्यांनी तीन चुका मुद्दाम करून दाखवल्या. एक पूर्ण व्यवहारच लिहायचा राहिला, तरी दोन्ही बाजू जुळतात. रॅकची खरेदी खर्चात टाकली, तरी जुळतात, फक्त मालमत्ता आणि भांडवल दोन्ही 60,000 ने कमी दिसतात. तिसरी चूक सर्वांत सूक्ष्म : घरच्या किराण्याचे बिल दुकानाच्या खर्चात टाकले. उचल असो वा खर्च, भांडवल तेवढेच घटते, त्यामुळे तिन्ही बेरजा तंतोतंत बरोबर येतात, परंतु दुकानाचा नफा खोटा ठरतो आणि धंदा चालत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. घसारा हा चौथा विषय होता. रॅक दरवर्षी झिजतात, कोणी बिल देत नाही, पैसा जात नाही, तरी वर्षाला समजा 6,000 मालमत्तेतून आणि तेवढेच भांडवलातून कमी करावे लागतात. हे मात्र अर्ध्या तासात आटोपले, आणि सरळ पद्धत कोणती, घटत्या शिलकेची कोणती, याची उदाहरणे वहीत उतरवून घेण्यापलीकडे काही झाले नाही.

आता उणिवांकडे येतो. पहिली आणि मोठी उणीव जीएसटीची. 1 जुलै 2017 पासून हा कर आमच्या प्रत्येक बिलावर आहे आणि समीकरणाच्या दृष्टीने तो अतिशय बोलका विषय आहे. 10,000 च्या विक्रीवर 500 कर घेतला, तर गल्ल्यात 10,500 येतात, पण ते 500 दुकानाचे कधीच नसतात, ते त्याच क्षणी सरकारचे देणे होतात. खरेदीवर 300 भरलेले असले, तर ते खर्च नव्हे, ते सरकारकडचे येणे आहे, आणि दोन्ही एकमेकांत वळते करून 200 रोखीने भरायचे. इतका महत्त्वाचा भाग एकाच बैठकीत उरकला. परत आलेला माल, त्यासाठीची क्रेडिट नोट, पुरवठादाराने विवरणपत्र न भरल्यामुळे अडकलेले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचे येणे, यांपैकी कशालाही हात लागला नाही. मला वाटते या विषयाला निदान 3 बैठका हव्या होत्या, आणि त्यासाठी इतिहासाचा किंवा बँक मेळाचा, म्हणजे वही आणि पासबुक जुळवण्याचा, वेळ कमी केला असता तरी चालले असते.

दुसरी उणीव टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीच्या बैठकांची. शेवटचे 2 आठवडे संगणकावर होते. शिकवणारे वेगळे होते, तरुण आणि मनमिळाऊ, पण दोघांत एक संगणक असल्यामुळे ज्याची बोटे जलद त्याचेच शिकणे झाले. शिवाय टॅली फक्त दोन्ही बाजू जुळतात का तेवढेच पाहते, त्यामुळे चुकीच्या खात्यात टाकलेली नोंदही शांतपणे स्वीकारली जाते. आधीच्या 6 आठवड्यांत मिळालेली “दुसरा बदल कोठे” ही सवय येथे कामी यायला हवी होती, परंतु दोन शिक्षकांचे एकमेकांशी बोलणे झालेले दिसले नाही आणि संगणकाचा भाग बटणे दाबण्याच्या क्रमापुरता उरला.

जागेबद्दल थोडेच लिहितो. उद्वाहन नाही, दोन मजले चढावे लागतात, आणि गुडघेदुखीमुळे वर्गातल्या एका ज्येष्ठ आडतदारांनी मध्येच येणे सोडले. गाडी लावण्याची अडचण होते. चुकलेली बैठक पुढच्या तुकडीबरोबर विनामूल्य बसून भरून काढता येते, ही सोय चांगली आहे आणि ती मी दोनदा वापरली. छापील टिपणांत मराठी शब्द नीट दिलेले आहेत : रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, धनको, ऋणको. व्यापाऱ्यांच्या बोलीत रुळलेले उधारी, येणे, उचल हेही शेजारी दिलेले असल्यामुळे कोणाला परके वाटले नाही.

हा वर्ग कोणासाठी नाही, तेही सांगतो. ज्यांना विवरणपत्रे स्वतः भरायला शिकायचे आहे किंवा परीक्षेची तयारी करायची आहे, त्यांनी येथे येऊ नये. पण आमच्यासारख्या ज्या लहान दुकानदारांनी 2 कोटींपर्यंतच्या उलाढालीसाठी प्राप्तिकरात असलेल्या अनुमानित उत्पन्नाच्या सोयीमुळे वह्या ठेवणेच सोडून दिले आहे, त्यांनी अवश्य यावे. त्या सोयीत रोख विक्रीवर 8 टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर 6 टक्के उत्पन्न मानून कर भरता येतो, आणि करापुरते ते पुरेसे असते. मात्र कायद्याने मानलेला नफा आणि दुकानात खरोखर उरलेला नफा हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि दुसरा आकडा मालकाने स्वतः काढल्याशिवाय त्याला कोणीही काढून देत नाही. 5 पैकी 4 गुण मी या वर्गाला देईन. ते चारही पहिल्या सहा आठवड्यांचे आहेत.

वर्ग संपल्यावर मी कपाटातली 2015 ची बिलांची पिशवी काढली आणि त्या हंगामाचे तीन रकाने मांडले. उधारीने आलेला माल 4,50,000. त्यातला 2,70,000 ला पडलेला माल विकला गेला आणि त्याचे 3,30,000 आले. नफा 60,000. घरासाठी उचल 1,75,000. हंगामाअखेर रोख 1,55,000, न विकलेला माल 1,80,000, मिळून मालमत्ता 3,35,000, आणि देणी 4,50,000. भांडवलाच्या रकान्यात वजा 1,15,000. धंदा तोट्यात गेला नव्हता. मी नफ्याच्या जवळजवळ तिप्पट रक्कम कारखानदाराच्या पैशांतून उचलली होती. 10 वर्षे मी घरात आणि बाहेर कुंभात माल खपला नाही असे सांगत आलो, आणि खरे कारण एका पानावर मावणारे होते. ते पान मी बायकोला दाखवले, कारण वरच्या मजल्याचे काम त्या वर्षीच व्हावे असा आग्रह आम्हा दोघांचा होता.

आता 2027 च्या सिंहस्थासाठी पेठेत माल भरायला सुरुवात झाली आहे. त्याच कारखानदाराने दोन महिन्यांच्या उधारीवर पाच लाखांचा माल देऊ केला. मागणी लिहिण्यापूर्वी मी वहीत तीन रकाने आखले, माळ्यावरची मोड विकून किती रोख उभी राहते ते पहिल्या रकान्यात धरले, लग्नसराईच्या आगाऊ रकमा दुसऱ्यात टाकल्या, आणि मगच फोन केला. पहिली मागणी 1,20,000 ची गेली आहे. उचलीसाठी या वेळी वेगळे पान केले असून ते बायकोच्या हाती आहे.